आज रात्री राउटरचा पासवर्ड बदला

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि ५६ माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल पोहोचला होता. त्या मेलचा माग काढत दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. मेल त्यांनी लिहिला नव्हता, पाठवलाही नव्हता. त्यांच्या घरच्या वायफायवर शिरून दुसऱ्याच कोणीतरी तो पाठवला होता. पण इंटरनेटच्या नोंदीत पत्ता त्यांच्या घराचा होता. म्हणून चौकशी त्यांची झाली, संगणक त्यांचे जप्त झाले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव त्यांचे छापून आले. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे वायफाय असेच वापरले गेले. सप्टेंबरात, दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कार्यालयाचे. अखेर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांना लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वायफाय शोधण्याची मोहीम काढावी लागली.

त्या काळी दुसऱ्याचे इंटरनेट वापरू पाहणाऱ्याला निदान इमारतीच्या आसपास यावे लागत होते. आज तेवढेही लागत नाही. तो कुठल्याही देशात बसून तुमच्या राउटरमध्ये शिरू शकतो. तुमच्याकडे दिवा हिरवाच राहतो, नेट चालूच राहते, मालिका अडखळत नाही, आणि घरात कुणाला काही कळत नाही. म्हणून घरात इंटरनेटची लाइन घेतलेल्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो आहे: हे काम उद्यावर टाकू नका. आज रात्री झोपण्यापूर्वी राउटरचा पासवर्ड बदला.

मी नेटवर्कच्या कामात आहे. लोकांच्या घरी राउटर उघडून पाहतो तेव्हा तेच ते चित्र दिसते. फायबर जोडायला आलेल्या मुलाने घाईघाईत वायफायला नाव दिलेले असते आणि पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. त्याच्या पलीकडचा दुसरा पासवर्ड, ज्याने राउटरच्या सेटिंगमध्ये जाता येते, तो कारखान्यातून आला तसाच असतो. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. हे दोन पासवर्ड वेगळे आहेत हेच बहुतेक घरांना ठाऊक नसते. वायफायचा पासवर्ड आपण पाहुण्यांना सांगतो. ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, आणि म्हणून तो कुणी बदलत नाही. कुलूप बनवणाऱ्याने गावातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली दिली आणि ती किल्ली कशी दिसते हे खोक्यावर छापले, तसा हा प्रकार आहे.

‘आमच्या साध्या घरावर कोण कशाला हल्ला करेल?’ हा प्रश्न मला सगळीकडे विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. तुमच्या घराची निवड कुणी केलेली नसते. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे एक साधन तयार केले. चांगल्या वेगाची लाइन असेल तर एकाच साध्या संगणकावरून जगातल्या जवळजवळ सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांची, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यांची, चाचपणी ४५ मिनिटांच्या आत करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. असे पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. संशोधकांनी ते अभ्यासासाठी केले. गुन्हेगारांच्या हातातही तशीच साधने आहेत आणि ती रात्रंदिवस चालू असतात. अमक्याचे घर, तमक्याचे दुकान असे त्यांना काही ठाऊक नसते. दार उघडे आहे का, एवढेच ती पाहतात.

२०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने नेमके हेच केले. त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. राउटर, सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचे डीव्हीआर दिसतील तिथे तो या जोड्या लावून पाहायचा. एखादी जुळली की ते उपकरण त्याचे झाले. मालकाला काही कळायचे नाही. अशी लाखो उपकरणे एका हुकमावर एकाच ठिकाणी मारा करू लागली, की समोरची यंत्रणा कोलमडते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या अमेरिकी कंपनीवर असा मारा झाला. इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगण्याचे काम ही कंपनी करत होती. तिच्यावर मारा होताच ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, स्पॉटिफाय असंख्य लोकांसाठी काही तास बंद पडले. पुढच्याच महिन्यात मिराईच्या एका नव्या अवताराने जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत केली. मूळ मिराई लिहिणारे कोण होते? विशीतले तीन तरुण. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. पण तोवर मिराईचा कोड सगळ्या जगाला मोफत उपलब्ध झालेला होता, आणि त्याची पिल्ले आजही फिरत आहेत.

आपल्याकडेही हे घडले आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर असाच हल्ला झाला. कारखान्यातला पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले, ग्राहकांचे नेट बंद पडले आणि पासवर्ड बदला असे आवाहन खुद्द कंपनीला करावे लागले. त्या आवाहनाला आता बरीच वर्षे झाली. तरी परवा परवा बसवलेल्या नव्या डब्यांतही मला ॲडमिन-ॲडमिनच सापडते.

हल्लेखोर नेहमी उपकरण फुकट वापरण्यासाठीच येतो असेही नाही. कधी तो ते मारूनच टाकतो. २५ ते २७ ऑक्टोबर २०२३ या तीन दिवसांत अमेरिकेतल्या एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे ६ लाखांहून अधिक राउटर कायमचे निकामी झाले. बंद-चालू करून उपयोग झाला नाही. डबेच बदलावे लागले. त्या कंपनीचे बरेच ग्राहक खेड्यापाड्यांत राहणारे होते, जिथे दुसरी लाइन सहज मिळत नाही. आपल्या तालुक्यातल्या शाळा, दवाखाने, पतपेढ्या आणि दुकानातली यूपीआयची देवघेव एकाच केबलवाल्याच्या एकाच प्रकारच्या डब्यांवर चालत असेल, तर असा एक दिवस काय करून जाईल याचा विचार करा.

सर्वांत जास्त धास्ती मला एका वेगळ्याच प्रकाराची वाटते, कारण तो थेट घरातल्या पैशाशी येऊन भिडतो. तुम्ही ब्राउझरमध्ये बँकेचे नाव टाकता तेव्हा ते नाव कुठल्या आकडी पत्त्याचे आहे हे विचारायला तुमचा राउटर एका सर्व्हरकडे जातो. त्याला डीएनएस म्हणतात. राउटरमध्ये शिरलेला माणूस ही एकच नोंद बदलून ठेवतो. मग तुम्ही नाव बरोबर टाकता, अक्षर न् अक्षर बरोबर, आणि पोहोचता भलत्याच ठिकाणी. पान हुबेहूब तुमच्या बँकेचे दिसते. २०१८ मध्ये ब्राझीलमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. एका लाखाहून अधिक राउटर बिघडवले गेले, त्यातले बहुतेक ब्राझीलचेच, आणि त्यामागचा उद्देश लोकांचे बँकेचे पासवर्ड उचलण्याचा होता. फोनमध्ये अँटिव्हायरस आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की इथे फोनमध्ये काहीच बिघडलेले नसते. ब्राउझरने ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर कितीही घाई असली तरी ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. बऱ्याचदा तो इशारा हीच शेवटची अडवणूक असते.

काही जाणकार म्हणतील की आपल्याकडे केबलवाले एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरे ठेवतात, त्यामुळे बाहेरून थेट राउटरपर्यंत येता येत नाही. हे अर्धे खरे आहे. हल्ला दर वेळी बाहेरूनच येतो असे नाही. ब्राझीलमध्ये अनेकांनी नुसते एक वेब पान उघडले होते. त्या पानानेच घरातल्या ब्राउझरकरवी राउटरला ॲडमिन-ॲडमिन लावून पाहिले. शिवाय आता आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत सर्रास आली आहे, आणि तीत घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो. राउटरची फायरवॉल बंद असेल, तर ते उपकरण थेट उघड्यावर येते. म्हणून ‘आमच्याकडे चालतंय’ हे उत्तर कुणी देऊ नये.

घरात आपण स्वतःच्या हाताने काय आणून ठेवतो तेही बघा. जुन्या टीव्हीला जोडायला ऑनलाइन घेतलेला बिननावाचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स, ज्यात सगळे चॅनल फुकट दिसतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच बॉक्सबद्दल इशारा दिला. बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्यात अशी दहा लाखांहून अधिक उपकरणे सापडली होती. त्यातल्या कित्येकांत घातक प्रोग्राम विक्रीपूर्वीच भरलेला होता. बाकीच्यांत तो बॉक्स सुरू करताना उतरवलेल्या ॲपमधून शिरला. फुकटच्या व्हीपीएन ॲपचेही तेच. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ९११ एस५ नावाचे जाळे मोडून काढले. लोकांनी मोफत व्हीपीएन म्हणून ॲप घेतले होते आणि त्या ॲपने त्यांच्या घरची लाइन परक्यांना भाड्याने दिली होती. जवळजवळ २०० देशांतले १ कोटी ९० लाख आयपी पत्ते असे विकले जात होते. त्या पत्त्यांवरून फसवणूक झाली, मुलांच्या लैंगिक शोषणाचे गुन्हे झाले, बॉम्बच्या धमक्या दिल्या गेल्या. सानपाड्यात जे एका घराच्या बाबतीत झाले, ते आता ठोक बाजारात विकले जाते. पोलिसांच्या हातात पहिल्यांदा जो पत्ता पडतो, तो लाइन ज्याच्या नावावर आहे त्या गृहस्थाचा असतो. घरातल्या मुलांनी खेळासाठी, सिनेमासाठी काय उतरवले आहे ते एकदा शांतपणे बसून पाहा. रागावू नका, पाहा.

आता कामाचे बोलू.

राउटरच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला एक चिठ्ठी असते. तिच्यावर सेटिंगचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाका. नाव आणि पासवर्ड विचारला जाईल, तोही त्याच चिठ्ठीवर सापडतो. आत गेल्यावर सर्वांत आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला, बाकी सगळे नंतर. नवा पासवर्ड लांब ठेवा आणि घरातल्या डायरीत लिहून ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असे आपल्याला शिकवलेले असते, पण ते कार्यालयासाठी ठीक आहे. राउटरवर येणारा चोर परदेशात बसलेला असतो, तुमच्या कपाटातली डायरी त्याला वाचता येत नाही. विसरण्याच्या भीतीने ॲडमिन-ॲडमिन ठेवण्यापेक्षा लिहून ठेवलेला कठीण पासवर्ड केव्हाही चांगला.

मग वायफायचा पासवर्ड. मोबाइल नंबर ठेवला असेल तर तो आजच काढा. २०२१ मध्ये इस्रायलमधल्या एका सुरक्षा संशोधकाने तेल अवीवच्या रस्त्यांवर फिरून ५,००० वायफायचे नमुने गोळा केले आणि त्यातली ७० टक्क्यांहून अधिक नंतर उघडली. मुख्य कारण हेच, की लोकांनी पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवले होते. आपल्याकडची सवय तर त्याहून घट्ट आहे. आपला नंबर दहा आकड्यांचा, सुरुवात ६ ते ९ मधून. म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण खेळांसाठी मिळणाऱ्या ताकदवान ग्राफिक्स कार्डाला तेवढे तपासायला तासभरही लागत नाही. मुलाचे नाव आणि पुढे १२३ हे त्याहून सोपे. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. खलबत्ता, मंगळवार, आगबोट, चिंच अशा धर्तीवर. हेच चार मात्र घेऊ नका, तुमचे तुम्ही निवडा. घरातल्या आजीलाही पाठ होतील असे शब्द निघतात, आणि यंत्राला ते सापडायला फार कठीण जातात. त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार निवडायचा असतो. तिथे डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. डब्ल्यूईपी दिसले तर समजा की राउटर म्हातारा झाला. ते २००१ सालीच मोडले गेले आहे.

डब्ल्यूपीएस नावाची एक सोय असते, बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडणी करण्याची. ती बंद करा. डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले की ही पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि आठवा आकडा तर आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांचे काम फक्त ११,००० प्रयत्नांवर येते. डब्ल्यूपीए२ कितीही पक्के असले, तरी ही खिडकी उघडी असेल तर काही तासांत आत येता येते.

‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘ॲक्सेस फ्रॉम वॅन’ असे लिहिलेले काही दिसले, तर तेही बंद. बाहेरच्या जगातून राउटरचे सेटिंग उघडण्याची गरज घरातल्या कुणालाही नसते. टेलनेट चालू असेल तर बंद. यूपीएनपी बंद. ही शेवटची सोय घरातल्या उपकरणांना तुम्हाला न विचारता बाहेरची दारे उघडू देते. ती बंद केल्याने एखाद्या ऑनलाइन खेळाला अडचण येऊ शकते, हे खरे. मुले तक्रार करतील. तरी बंदच ठेवा. आयपीव्ही६ चालू असेल, तर त्याची फायरवॉल चालू आहे याची खात्री करून घ्या. डीएनएसच्या जागी कोणते आकडे आहेत ते टिपून घ्या आणि ते तुमच्या कंपनीचेच आहेत का, हे तिला विचारा. शंका असेल तर तिथे ९.९.९.९ किंवा १.१.१.२ टाका. ओळखीच्या फसव्या ठिकाणांचे पत्ते हे दोन्ही सर्व्हर देतच नाहीत. मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतली प्रणाली, अपडेट करा. ‘आपोआप अपडेट’ असा पर्याय असेल तर तो लावून टाका.

राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर ते नुसते पाहुण्यांपुरते ठेवू नका. स्मार्ट टीव्ही, कॅमेरा, वायफायचा दिवा, टीव्ही बॉक्स ही सगळी मंडळी तिथे हलवा. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात तो आणि कामाचा लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर राहू द्या. टीव्ही बॉक्स बिघडला तरी त्याला तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येणार नाही.

कंपनीने लावलेल्या डब्यात यातले काही पर्याय दिसणार नाहीत. ते कुलूपबंद असतात. अशा वेळी केबलवाल्याला फोन करा आणि स्पष्ट सांगा: ॲडमिनचा पासवर्ड बदलून द्या, डब्ल्यूपीएस आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करून द्या, कॅमेऱ्यासाठी कुठले पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडे ठेवले असेल तर बंद करा. महिन्याचे पैसे तुम्ही देता. हे मागणे हा तुमचा हक्क आहे. मात्र उलट दिशेने आलेल्या फोनपासून सावध राहा. ‘तुमचा राउटर हॅक झाला आहे, हे ॲप घ्या, स्क्रीन दाखवा’ असे सांगणारा अनोळखी माणूस ठग समजा आणि फोन ठेवा. राउटर दुरुस्त करायला कुणालाही तुमच्या मोबाइलचा स्क्रीन लागत नाही.

राउटर आधीच बिघडला आहे अशी शंका असेल तर? मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रामने ५४ देशांतली निदान ५ लाख उपकरणे धरली, तेव्हा एफबीआयने लोकांना राउटर बंद करून चालू करायला सांगितले होते. त्याने उपयोग होतो, पण पुरता नाही. मिराईसारखे प्रोग्राम तात्पुरत्या स्मृतीत राहतात, वीज गेली की जातात, आणि पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतात. व्हीपीएनफिल्टरचा पहिला टप्पा तर बंद-चालू केल्यावरही टिकून राहत होता. पक्का उपाय म्हणजे मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रीसेट करणे. पण थांबा, आधी केबलवाल्याकडून तुमच्या लाइनचे लॉगिन आणि पासवर्ड लिहून घ्या. अनेक जोडण्यांत ते राउटरमध्येच भरलेले असतात, रीसेटने पुसले जातात आणि मग नेट लागत नाही. रीसेट झाल्यावर पहिले काम ॲडमिनचा पासवर्ड, दुसरे अपडेट, आणि मग बाकीची उपकरणे जोडायची.

कंपनीने अपडेट देणे थांबवलेला जुना राउटर असेल, तर वाईट वाटले तरी तो बदला. मे २०२५ मध्ये एफबीआयने सांगितले की गुन्हेगार असेच निवृत्त राउटर हेरून ताब्यात घेतात आणि त्यांची लाइन इतरांना विकतात. त्यातली भोके सगळ्यांना ठाऊक असतात आणि बुजवणारे कुणी नसते. एका चांगल्या साध्या राउटरचा खर्च बँकेतून गेलेल्या रकमेपुढे काहीच नाही.

गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीला माझी वेगळी आणि कळकळीची विनंती आहे. इमारतीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बसवणाऱ्याने, सचिवांना मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून, राउटरवर एक पोर्ट उघडून दिलेले असते. पासवर्ड त्याच्या नेहमीचा, सगळ्या इमारतींना एकच. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली स्त्रियांच्या तपासणीची चित्रफीत बाहेर विकली जात असल्याचे उघड झाले. तिथल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड ॲडमिन१२३ असा ठेवलेला होता, असे तपासात पुढे आले. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. ज्या बायकांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवून तपासणी करून घेतली, त्यांच्याशी हे घडले, आणि ते कुणाला परत घेता येणार नाही. तुमच्या लिफ्टमधला, जिन्यावरचा, मुलांच्या खेळण्याच्या जागेवरचा कॅमेरा कुठून कुठून दिसतो हे पुढच्या सभेत विचारा. पोर्ट बंद करून घ्या, पासवर्ड बदला, तो दोनच पदाधिकाऱ्यांकडे ठेवा आणि पदाधिकारी बदलले की पुन्हा बदला. घरातल्या झोपायच्या खोलीत तर कॅमेरा नकोच.

परदेशात राहणाऱ्या मुलामुलींनो, पुण्यातल्या, नाशिकातल्या, रत्नागिरीतल्या आईबाबांची काळजी वाटते म्हणून तुम्ही हॉलमध्ये कॅमेरा लावून गेला आहात. काळजी खरी आहे. पण तुम्ही लावलेला तोच कॅमेरा अनोळखी माणसाला तुमच्या आईचा दिवस दाखवू शकतो. येत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसा, बाबांना राउटरवरची चिठ्ठी वाचायला सांगा आणि वर सांगितलेले त्यांच्याबरोबर एकेक करून घ्या. कॅमेऱ्याच्या खात्याला ओटीपीसारखा दुसरा टप्पा लावा. त्यांना कंटाळा आला तर अर्धे आज, अर्धे पुढच्या रविवारी.

केबलचालकांनो, तुमच्या मुलांना नवी लाइन जोडताना पाच मिनिटे जास्त द्या. प्रत्येक घराला वेगळा ॲडमिन पासवर्ड, कागदावर लिहून ग्राहकाच्या हातात. सगळ्या विभागाला एकच पासवर्ड ठेवला की तुमचे काम सोपे होते, हे मी जाणतो. पण एक घर फुटले की सगळा विभाग फुटतो, आणि रात्री दोनला येणारे फोन तुम्हालाच घ्यावे लागतात. अभियांत्रिकीच्या, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या इमारतीतल्या चार आजी-आजोबांची घरे तुम्ही सहज करून देऊ शकता. मात्र त्यांच्या समोर बसून करा, पासवर्ड त्यांनाच टाकू द्या.

कायदा येईल आणि कारखानेच सुधारतील, म्हणून थांबू नका. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखता येणाऱ्या कारखानी पासवर्डांवर बंदी घातली. भारतात एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीचे नियम लागू झाले. दोन्ही पावले चांगली आहेत. पण तुमच्या भिंतीवर आज लटकलेला डबा त्याआधीचा असेल, तर त्याला ते नियम लागत नाहीत.

केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे. संगणक आणि फोन तपासायची मोफत साधने त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. तुमच्या लाइनवर बाधित उपकरण आहे असा संदेश कंपनीकडून आला, तर आधी कंपनीच्या नेहमीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून खातरजमा करा, पण तो दुर्लक्षून सोडून देऊ नका. आज फक्त ॲडमिनचा आणि वायफायचा पासवर्ड बदलला तरी चालेल, बाकीचे येत्या रविवारी पुरे करा. आणि पैसे गेल्याचे लक्षात आले, तर लाजून किंवा घरच्यांपासून लपवून वेळ घालवू नका. त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.